नावाडी जिवंत आहे का?

गेमचा दुसरा भाग आला तेव्हा मी ताईला अकोल्याला फोन केला. ती तिथे शाळेत चित्रकला शिकवते, मी अमरावतीत एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. "रविवारी येतो मी," ती आमच्या वऱ्हाडीत म्हणाली. "तवरोक हात लावू नको."

पहिला भाग आम्ही सात वर्षांपूर्वी खेळलो होतो. शाळेच्या पायऱ्यांवरून पडून तिचा पाय मोडला होता. दाजी नोकरीसाठी बाहेरगावी, म्हणून ती अडीच महिने माझ्याकडे राहिली. एका सहकाऱ्याने त्याचा जुना कन्सोल मला देऊन टाकला होता, त्यावर हा गेम होता. तलवारी, मंत्र, उडणारे राक्षस, आणि मध्ये मध्ये पेचात टाकणारे निर्णय. बोलणं सगळं इंग्रजीत. मी वाचायची आणि तिला वऱ्हाडीत सांगायची. कंट्रोलर माझ्या हातात, निर्णय तिचा. असं कुणी ठरवलं नव्हतं, पण तसंच चालत गेलं.

त्यात एक नावाडी होता. आम्हाला दहा-बारा वेळा नदीपार नेणारा, दर वेळी तेच रडगाणं गाणारा. पुढे साथ आली. औषधाची बाटली एकच. ती नावाड्याला द्यायची की पलीकडच्या गावाच्या विहिरीत ओतायची? ताईने क्षणभरही विचार केला नाही. "विहिरीत टाक. एकासाठी गाव मारू का?" मी ओतली. नावाडी मेला.

प्लास्टर निघाल्यावर ती अकोल्याला गेली. त्याच आठवड्यात मी जुन्या सेव्हवरून, म्हणजे आधी साठवलेल्या टप्प्यावरून, तो भाग पुन्हा खेळले आणि बाटली नावाड्याला दिली. गाव ओस पडलं. गेम तिथून पुढे मी एकटीने पूर्ण केला. ताईला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असंही वाटलं नाही.

रविवारी ती बडनेरा स्टेशनवर उतरून ऑटोने आली. डब्यात भरीत आणि कळण्याची भाकर. जेवण होण्याआधीच आम्ही बसलो. आता दोघींनाही चष्मे, आणि पडद्यावरची अक्षरं पहिल्या भागापेक्षा बारीक. आमच्या पात्राचा चेहरा घडवण्यातच ताईने दीड तास घालवला. नाकाचा एक उतार तिच्या मनासारखा होईना. चित्रं पहिल्यापेक्षा कितीतरी सुंदर आहेत हे मात्र तिने मान्य केलं. "चिखल पाह्य कसा काढला," ती म्हणाली. "ओला दिसते."

मग गेमने विचारलं, मागच्या भागात काय घडलं होतं? जुना कन्सोल त्यातल्या नोंदींसकट केव्हाच बंद पडला होता, म्हणून उत्तरं आम्हीच द्यायची होती. राजा कोण झाला, किल्ला कुणी जाळला. चौथा प्रश्न: नावाडी जिवंत आहे का?

"आहे," मी म्हणाले आणि बटण दाबायला निघाले.

"थांब वं. मेला ना तो?"

मी थांबले. लपवण्यात काही अर्थ नव्हता, म्हणून सांगून टाकलं.

ताईने चष्मा काढला. "अन् गाव?"

"रिकामं झालं."

"मले सांगतलं काहून नाही?"

"तू गेल्ती ताई. गेमच तर होता."

"गेम होता तर परत कायले खेळली?"

ती उठून खिडकीशी गेली, खालच्या गल्लीत पाहत राहिली. परत आली तेव्हा आवाज नेहमीचाच होता.

"तुले काय वाटलं, मले त्याचं वाईट नसन वाटलं? तू चुपचाप बटन दाबलं. मले वाटलं, तुलेबी तेच पटते. तवा एक शब्द बोलली असती ना, तर मीच म्हटलं असतं, त्याले दे."

मी कंट्रोलर तिच्या हातात दिला. तिने 'नाही' निवडलं. "मी केलं ते मी केलं," ती म्हणाली.

पुढचे तीन तास खेळलो. त्या गावात बाजार भरला होता, नावेवर कुणी अनोळखी बाई होती. ताईने तिच्याशी एकही बोलणं वगळलं नाही. मला लढाया संथ वाटल्या, नकाशा उगाच मोठा, आणि घोडा प्रत्येक झाडात अडकत होता. संध्याकाळच्या गाडीने ती परत गेली.

आता ती एक रविवार सोडून येते. प्रत्येक निर्णयाआधी मला विचारते, "तुले काय वाटते?" आणि मी बोलेपर्यंत पुढे जात नाही. त्यामुळे वेग फार कमी झाला आहे. पाच रविवारांत आम्ही दुसऱ्या प्रांताच्या वेशीपर्यंत पोचलो आहोत. माझ्या मते हा भाग पहिल्यापेक्षा कमी प्रतीचा आहे. ताईला तो जास्त आवडतो. मागच्या वेळी एका पकडलेल्या चोराला सोडायचं की बांधून न्यायचं यावर आमचं जोरात भांडण झालं. तिला सोडायचा होता, मला नाही. अर्धा तास कुणीच बटण दाबलं नाही. शेवटी मी चहा ठेवायला उठले, आणि ती स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून पुन्हा तेच मुद्दे सांगू लागली.