एक ते चार

रविवारी दुपारी एका ब्राझिलियन संगीतकाराच्या जुन्या तबकड्या ओळीने लावून बसलो होतो. गाणी त्याचीच, निर्मितीही त्याचीच. त्याची एक खोड आहे. वादकांना लय द्यायला तो गाण्याआधी पोर्तुगीजमध्ये एक ते चार मोजतो, आणि बाकीचे निर्माते कापून टाकतात ते मोजणं तबकडीवर तसंच ठेवतो. तरुणपणी चारही आकडे एका दमात येतात. पुढे नाव झालं, मोठे गायक आले, व्हायोलिनांचा ताफा आला. आकडे मात्र सुटे होत गेले. माणूस मोठा होत असतो तेव्हा आपण फक्त त्याचं मोठं होणं ऐकतो.

शेवटच्या तबकडीत तीन आणि चारच्या मध्ये बारीक शीळ वाजली. मला वाटलं, बासरी.

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती फुप्फुसांच्या वॉर्डात नर्स आहे.

"बासरी कसली? श्वास आहे तो. एवढ्या लोकांनी ऐकलं आणि कुणालाच कळलं नाही?"

"गाणी फार सुंदर होती गं," मी म्हणालो. एवढंसं वाक्य, पण मध्ये एकदा थांबावं लागलं.

तिने सुई उचलली. माझ्याकडे बघत राहिली.

"तू मोज बरं," ती हळूच म्हणाली, "एक ते चार."