पीलतन

सोहबत चहावाल्याच्या हाताचं हाड मोडलं तो आवाज समोरच्या नानवाल्याच्या भट्टीपर्यंत ऐकू गेला. खुदामुरादनं हात सोडला, तसा सोहबत फुटक्या पेल्यांवर आडवा झाला.

“दुकान खाली कर म्हणून सांगितलं होतं ना?” असं म्हणत खुदामुरादनं रक्ताळलेली मूठ विजारीला पुसली.

काम हाजी सैफुल्लाचं होतं. किरमानशाहच्या कत्तलखान्यातलं सगळं मटण हाजीच्या हातून जायचं, आणि चहाच्या जागी त्याला खाटकाचं दुकान थाटायचं होतं. खुदामुराद त्याचा हमाल. चार सोललेले बोकड खांद्यांवर टाकून चढ चढणारा, दारातून तिरका होऊन शिरणारा. तालमीत डफावर कसरतीचा ताल धरणाऱ्या मुर्शिद कुदरतुल्लांनी त्याला ‘पीलतन’ म्हणायला सुरुवात केली होती. पील म्हणजे हत्ती, पीलतन म्हणजे हत्तीच्या अंगाचा. जुन्या कथांतल्या योद्ध्यांना लावायचा शब्द. तो कानावर पडला की खुदामुरादची छाती वीतभर फुगायची. हाजीच्या माणसांनीही तो उचलला होता: “ऐकतोस, की पीलतनला पाठवू?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तालमीत शिरला. मानाचा माणूस आला की मुर्शिद आपल्या बैठकीवर टांगलेली घंटा वाजवत. आज ते नुसतेच डफ शेकत बसले होते.

“मुर्शिद, घंटा विसरलात?”

“फील आला म्हणून कोणी घंटा वाजवतं का?”

आखाड्याच्या हौद्यातल्या माणसांचे जोर थांबले. फील म्हणजेही हत्तीच. पण बाजारात ढेरपोट्या, बिनडोक माणसाला मारतात ती ही हाक.

खुदामुरादनं मुद्गल उचलला. “तुमच्या पांढऱ्या दाढीची भीड ठेवतोय. शब्द मागे घ्या.”

“अरे, तुझं माप घेऊन मी तुला पीलतन म्हणालो नव्हतो. मोठा तर उकिरडाही असतो. कुस्तीत पडणाऱ्याचं डोकं दगडावर आपटू नये म्हणून तू आपला तळवा मध्ये घातलास, त्या दिवशी म्हणालो. आता मार मला. सोहबतच्या शेजारी खाट टाकतील.”

मुद्गल भिंतीवर आदळला, हातभर गिलावा कोसळला. खुदामुराद बाहेर पडला तो थेट कत्तलखान्यात.

“हाजीआगा, सोहबतचं दुकान राहू द्या. मी मटण वाहीन. माणसं मोडणार नाही.”

हाजी हसला. “हत्ती आता माहुताला शिकवणार?” त्यानं नुसती भुवई उडवली.

तिघे पुढे आले. त्यात करमअली होता, पाच वर्षं याच्या बरोबरीनं ओझी वाहिलेला. मटण टांगायचा आकडा त्यानंच मागून खुदामुरादच्या खांद्यात रुतवला आणि खाली ओढला. मांस फाटलं. दुसऱ्याचा सुरा मांडीत शिरला. खुदामुरादनं सुरेवाल्याच्या तोंडावर कोपर हाणलं, जबडा निखळून लोंबायला लागला. साखळी फिरवत आलेल्या तिसऱ्याच्या पोटात त्यानं लाथ घातली, तो आतड्यांच्या ढिगात जाऊन पडला. मग करमअलीला कमरेत धरून डोक्यावर उचललं.

“खुदामुरादा, भावा, नको!” करमअली ओरडला.

त्यानं फेकलं. दगडी हौदाच्या काठावर करमअलीची पाठ आपटली. तळवा मध्ये घालायचं या वेळी सुचलं नाही.

सात वर्षं तुरुंगात गेली. सुटला तेव्हा अंग निम्मं उरलं होतं, खांदा वर जात नव्हता. हाजी केव्हाच तेहरानला निघून गेला होता. सोहबत वाकड्या हातानं चहा ओतायचा. त्यानं खुदामुरादपुढे पेला सरकवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

करमअली कमरेखाली लुळा होऊन बहिणीच्या घरी पडून असायचा. तिनं दार उघडलं आणि खुदामुरादला पाहून उलातनं फेकून मारलं. तो कपाळ दाबत परत गेला. पुढच्या शुक्रवारी पुन्हा आला. चौथ्या शुक्रवारी ती दारातून बाजूला झाली.

तेव्हापासून दर शुक्रवारी तो करमअलीला पाठीवर घेऊन आंघोळीला हमामात न्यायचा. वाटभर करमअली त्याच्या सात पिढ्या उद्धरायचा. डुक्कर, खाटकाचं कुत्रं, बैल. एकदा भर बाजारात त्यानं खुदामुरादचा कान कचकन चावला, रक्त मानेवरून सदऱ्यात गेलं. लोक थांबून बघायला लागले.

खुदामुरादनं त्याला जरा वर सरकवून घेतलं.

“आज पाणी जास्त गरम वाटलं तर सांग,” तो म्हणाला. “मागच्या वेळी पाय भाजला तुझा.”

“मला कुठं कळतं पायातलं?” करमअली खेकसला. “तूच हात घालून बघ.”