अप्पांची कंपनी की दुसरी

आमच्या भागातल्या फोटोग्राफरांची दोन घराणी. कंपन्यांची नावं काय घ्यायची, पण एकीचं भिंग दुसरीच्या कॅमेऱ्याला बसत नाही, म्हणून पहिल्यांदा जिच्या घरात पडलात तिथंच जन्म काढायचा. लग्नात दोन घराण्यांची माणसं शेजारी उभी राहिली की टोमणे सुरू. तुमच्या फोटोत म्हणे नवरी हिरवी येते. हाव, आणि तुमच्यात नवरदेव लाल मिरचीसारखा.

रेणापुरात आमचा स्टुडिओ. नवऱ्यानं उभा केलेला, ते गेल्यापासून मुलगी चालवते. ती त्यांना अप्पा म्हणायची, म्हणून घरात एक 'अप्पांची कंपनी' आणि एक 'दुसरी'. मागच्या वर्षी तीच 'दुसरी'च्या घरात जायला निघाली. जुन्या कॅमेऱ्यात नवरी जरा हलली की चेहरा पुसट आणि हार तेवढा स्वच्छ. एका घरानं अल्बम परत पाठवला, तेव्हापासून तिची झोप गेलेली. दुसरीचा नवा कॅमेरा म्हणे माणसाचे डोळे आपणच शोधून धरतो. लातूरचा दुकानदार बदल्यात आमचं जुनं सामान घ्यायला तयार होता, पण सगळंच. कॅमेरा आणि एकूण एक भिंगं.

मुलगी म्हणाली, "ते लांब भिंग तुझं हाय, आई. तू न्हाई म्हणालीस तर आपण अप्पांच्याच कंपनीचा नवा घेऊ. मी घेईन जमवून."

जमवून घेईन म्हणताना तिचा चेहरा मी बघितला होता. तरी मला हो म्हणवेना. का, ते सांगते.

आम्हा लिंगायतांत माणूस गेलं, लिंगैक्य झालं, की त्याला आडवं ठेवत नाहीत. भिंतीला टेकवून बसवतात, कपाळभर विभूती, गळ्यात हार, आणि घरचे दोन्ही बाजूंना बसतात. तेव्हा फोटोग्राफरला बोलावणं येतं. जुन्या माणसांत कितीकांचा तर तोच पहिला फोटो आणि तोच शेवटचा. मग घरचे म्हणायचे, फोटो छान आलाय, पण डोळे तेवढे उघडून द्या. आमच्या मालकांचा त्यात हातखंडा. उघडे डोळे आणायचे कुठून? घरात एक बाई होती. मला स्टुलावर बसवायचे, ते लांब भिंग लावायचे आणि नुसत्या डोळ्यांचे फोटो काढायचे. वर बघ, खाली बघ, जरा उजवीकडं. लहानमोठ्या आकारांत छापून एका बिस्किटाच्या डब्यात कापून ठेवलेले. लागेल ती जोडी चिकटवायची, ब्रशनं कडा मिटवायच्या, पुरुष असला तर भुवया दाट करायच्या आणि पुन्हा त्याचा फोटो काढायचा. कुणाला कळायचं नाही.

मला कळायचं. हळदीकुंकवाला कुणाच्या घरी जावं, पाटावर बसावं, आणि समोरच्या भिंतीवरून कुणाचा आजा माझ्याच डोळ्यांनी माझ्याकडं बघतोय. वाटी हातात तशीच राहायची. एकदा एक सून माझ्या कानाशी लागली, आमच्या सासूबाई फोटोतून लई रागानं बघतात हो. काय सांगू तिला? त्या दिवशी आमचं भांडण झालं होतं, मी तशाच रागात स्टुलावर बसले होते.

मालक गेले तेव्हा त्यांनाही बसवलं. मुलीनं फोटो काढला. पण डोळे मी उघडू दिले नाहीत. त्यांनी माझेच डोळे लावून माझ्याकडं बघायचं, हे मला सोसलं नसतं.

आता भिंगाचं. तो माणूस घरात माझ्याकडं कधी नीट बघायचा नाही. जेवताना ताटात, बोलताना दाराकडं. बघायचा तो त्या भिंगातनं, वेळ लावून. ते गेल्यावर मी भिंग चोळीच्या खणात गुंडाळून कपाटात ठेवलं. दुपारी भाजी निवडताना पाठीवर नजर जाणवायची. मी उठून कपाटाची कडी लावायची, थोड्या वेळानं जाऊन काढायची. दुसऱ्याला दिलं तर ही नजरही गेली, एवढंच मनात यायचं.

शेवटी म्हटलं, चल, बघू तर. जुना कॅमेरा, बाकीची भिंगं आणि पिशवीत ते लांब भिंग घेऊन आम्ही दोघी लातूरला गेलो. दुकानदार बोलका. दोन्ही कंपन्यांचे कॅमेरे त्यानं काचेवर मांडले. मुलीनं आधी अप्पांच्या कंपनीचा नवा उचलून, पडदा मला दिसेल असा वळवून माझ्यावर धरला. त्याची चौकट घुटमळली, पदरावर गेली, मग चेहऱ्यावर आली. दुसरीचा धरला, तर आतली हिरवी चौकट टपकन माझ्या डोळ्यावर. मुलगी ओठ दाबून हसली. दुकानदाराला चेव आला. "मावशी, फोटोतले डोळेसुद्धा सोडत न्हाई हा," म्हणाला, आणि त्यानं कॅमेरा भिंतीवरच्या मोठ्या तसबिरीकडं वळवला.

त्याचे वडील. मूळचे आमच्याच बाजूचे. गळ्यात हार, कपाळभर विभूती, आणि तिच्याखाली हिरव्या चौकटीत माझे डोळे.

मुलीनं ओळखलं. तिनं माझा हात धरला. मी मात्र बघतच राहिले, कारण हे डोळे मी कुठल्याच भिंतीवर पाहिले नव्हते. राग नाही, कंटाळा नाही. कुणीतरी काहीतरी म्हणालंय आणि त्यानं ही बाई आतून निवली आहे, असे. स्टुलावर बसवून ते मला काय म्हणाले होते? लई आठवून बघितलं. आठवलं नाही. पण काहीतरी म्हणाले होते, एवढं त्या डोळ्यांत होतं.

दुकानदार म्हणाला, "आमचे अप्पा बघायचेच तसे. मायेनं."

मी म्हटलं, हाव. त्याचा बाप मी का काढून घेऊ?

मग पिशवीतलं भिंग काढून खण सोडला आणि काचेवर ठेवलं. नवा कॅमेरा आमचा झाला. मुलीला म्हटलं, निघायच्या आधी त्या तसबिरीच्या डोळ्यांचा जवळून एक फोटो काढ. दुकानदाराला वाटलं, म्हातारी माल तपासायली.

बसमध्ये तिनं तो पडद्यावर मोठा केला. आणखी मोठा. बुबुळात उजेडाचा एक चौकोन होता, आमच्या स्टुडिओच्या खिडकीचा, आणि त्या चौकोनाच्या मधोमध काळं काहीतरी, भिंगावर वाकल्यासारखं. मुलगी रोज असलेच डाग काढते. सवयीनं म्हणाली, "जुन्या फोटोवर बुरशी चढलीय. पुसून टाकू का?"

मी म्हटलं, नको. आणि घर येईपर्यंत कॅमेरा तिला परत दिला नाही.