डोळस कॉलेज

राव मामा गेल्याचं त्यांच्या भाच्यानं मला जिन्यातच सांगितलं. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत म्हणाला. मी ऑफिसातून येत होते, हातात भाजीची पिशवी होती. घरात येऊन मी शहाण्यासारखी भाजी फ्रिजमध्ये ठेवली, टोमॅटो वेगळे काढले, आणि मग ओट्याला टेकून रडले. रडताना डोक्यात एकच होतं... आता ऋजूला कसं सांगायचं? ऋजुता, माझी मुलगी, अमेरिकेत शिकते. तिला तिथे पोचवण्यात तिच्या आईबापांपेक्षा वरच्या मजल्यावरच्या या म्हाताऱ्याचा वाटा जास्त होता.

नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही साताऱ्याहून चेन्नईला आलो आणि वेस्ट मांबलममध्ये घर घेतलं, तेव्हा कुणीतरी मराठी बोलणारं वर राहतं याचाच केवढा आनंद झाला होता! मामा तंजावरकडचे. त्यांची मराठी ऐकून मला हसू आवरेना, आणि माझी ऐकून त्यांना. "तुमची मराठी फार धांवते," म्हणायचे. रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेले, मामी आधीच गेलेल्या, आणि काचबिंदूनं नजर जवळजवळ संपलेली. उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं. ऋजू शाळेतून आली की त्यांना पेपर वाचून दाखवायला वर जायची. ते तिला 'कण्णू' म्हणत. तमिळमध्ये कण्णू म्हणजे डोळा, लाडक्या लेकरालाही असंच म्हणतात.

अकरावीत तिच्या डोक्यात अमेरिका शिरली. वर्गातल्या मैत्रिणींकडे पैसे घेऊन सल्ला देणारे लोक होते, आमच्याकडे वायफाय आणि मामा. पेपर मागे पडला आणि ती त्यांना कॉलेजांच्या वेबसाइटी वाचून दाखवू लागली. त्यात तिला शोध लागला की काही मोजकी कॉलेजं परदेशी मुलांची निवड करताना घरच्या ऐपतीकडे बघतच नाहीत, बाकीची सगळी बघतात. मामांनी लगेच बारसं करून टाकलं... पहिली आंधळी, दुसरी डोळस. "आमच्या जातीचीं तींच बरीं," म्हणून स्वतःच हसले. तेव्हापासून आमच्या घरात जेवताना असे संवाद चालायचे की पाहुणे घास तोंडात तसाच धरून ऐकत राहायचे. "हे आंधळं आहे का गं?" "नाही बाबा, पण थोडं डोळे मिटून घेणारं आहे."

पण मामांना खरा रस फोटोंत. समुद्रावरचं वारं सुटायच्या वेळी दोघं वर बसलेली असायची. "कण्णू, काय दिसतें तें सांग." ती सांगायची, हिरवळ आहे, मुलं बसलीत, हसतायत. "अस्के हासतात?" सगळे? हो, सगळे. "मग पाऊस आला मणजे कोठे बसतात?" ती पुन्हा निरखून बघायची, मागे एखादी ओसरी सापडायची, एखादा कोपऱ्यात एकटा बसलेला मुलगा सापडायचा. या सांगण्यातून मामांच्या डोक्यात हळूहळू एक भलतंच कॉलेज उभं राहिलं. एका कॉलेजचं तळं, दुसऱ्याची लायब्ररी, तिसऱ्याचा घंटेचा मनोरा. तळ्याकाठून ते रोज फिरून यायचे. एकदा चहा घेता घेता मला अगदी सहज म्हणाले, "काल त्या पायऱ्यांवर बसलों होतों. दगड थंड असतो तेथला." मी मान डोलावली. मलाही तो दगड हाताला लागल्यासारखा वाटला, खरंच सांगते.

अर्ज भरायची वेळ आली आणि घरात जुंपली. अर्जातल्या 'फीसाठी मदत हवी का' या प्रश्नावर नवरा अडून बसला. मदत मागितली की डोळस कॉलेजं आपल्याला आधी बाजूला काढणार, त्यापेक्षा नको म्हणू, आत जाऊ दे पोरीला, पुढचं पुढे बघू. ऋजूचं म्हणणं, अर्जात मागितली नाही तर चारही वर्षं मिळणार नाही, नियमच आहे तसा. आमचा पगार, फंड, साताऱ्याची जमीन, सगळं मिळूनही एवढी फी झेपणार नाही हे तिघांनाही माहीत होतं, आणि तिघंही ते सोडून बाकी सगळं बोलत होतो. शेवटी बापलेक भांडत भांडतच वर गेली. मामांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "दारांतच सांगावें, आम्हांकडे इतकेंच आहे मणून. पान वाढल्यावर सांगितलें तर त्यांसही लाज, आपल्यासही." ऋजूनं 'हो' भरलं. नवरा दोन दिवस धड बोलला नाही.

मार्चअखेरीस उत्तरं येऊ लागली. आंधळ्यांनी एकजात नाही म्हटलं. डोळसांपैकीही बऱ्याच जणांनी. पोर जेवेना. मी तिला इथल्या कॉलेजांचे फॉर्म आणून दिले, ते तिनं बघितलेही नाहीत. आणि मग मक्याच्या शेतांमधल्या, आमच्यापैकी कुणीच नाव न ऐकलेल्या एका छोट्या कॉलेजनं तिला घेतलं. फी आणि राहणं-जेवण, जवळजवळ सगळं देऊन. तरी ती वर जाऊन मामांजवळ रडलीच, की मोठं नाव नाही मिळालं. मामा म्हणाले, "आंधळ्यानें घेतलें असतें तर आपण समजलों असतों, दिसलें नाहीं मणून घेतलें. ह्यांनीं डोळे उघडून पाहिलें, तुझ्या बापाचा खिसा पाहिला, आणि तरी ये म्हटलें. आणखी काय पाहिजे, कण्णू?" ती त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून राहिली. मी दारात उभी होते. त्या माणसाचे पाय धरावेत असं वाटलं, पण धरले नाहीत... शेजाऱ्यांत असं करत नाहीत.

मामांच्या शेवटच्या दर्शनाला ती येऊ शकली नाही. तिकीट महाग, परीक्षा तोंडावर, आणि एकदा अमेरिकेबाहेर पडलं तर पुन्हा आत घेतील का, ही आता तिथल्या सगळ्याच परदेशी मुलांची भीती. फोनवर ती रडलीसुद्धा नाही, हेच मला जास्त लागलं.

गेल्या रविवारी तिचा फोन आला. भाचा घर रिकामं करणार आहे, तोवर किल्ली माझ्याकडे आहे. "आई, वर जा ना," म्हणाली. मी गेले, दार उघडलं आणि व्हिडिओ लावायला लागले.

"व्हिडिओ नको. तू सांग."

"काय सांगू?"

"काय दिसतं ते."

मी उभी राहिले. मग म्हटलं, ऊन आहे. गॅलरीतून आत आलंय, टेबलापर्यंत. वारं सुटलंय, कॅलेंडर हलतंय. पाण्याचा तांब्या पालथा घातलाय. खुर्ची तशीच आहे.

"कुठे तोंड करून?"

हे मी इतक्या वर्षांत कधी बघितलंच नव्हतं. गॅलरीत एवढा उजेड, एवढा वारा, आणि खुर्चीची पाठ तिकडे होती.

"दाराकडे," मी म्हणाले. "जिन्याच्या दाराकडे... तू यायचीस ना, तिकडे."

तेव्हा कुठे ती रडली.