ताईच्या नावाची मोरपंखी

दारातलं एक झाड सुकलं म्हणून गरोदर लेकीला दवाखान्यात नेणं तुम्ही थांबवाल का?

लगेच ‘नाही’ म्हणू नका. अमडापुरातलं आमचं घरही ‘नाही’ म्हणणाऱ्यांचंच होतं. धम्मदीक्षा घेतल्यावर बाबांनी ताईत, गंडे, नवसाचे नारळ, सगळं घराबाहेर काढलं होतं. सभेहून येताना ते पत्रकं आणायचे. माझी अक्षरओळख त्या पत्रकांवर झाली. जाड शाईतलं ‘उठा’ मी पाटीवरच्या ‘कमळा’आधी वाचलं. महाराष्ट्र नुकता झाला होता आणि आता सगळंच नवं होणार, असं मला मनापासून वाटायचं. तरीही त्या वैशाखात गुडघ्याएवढ्या एका झाडाला मी इतकी भ्याले की दारातून येता-जाता मान दुसरीकडे वळवायची.

ते झाड होतं मोरपंखीचं. ताईचे यजमान बुलढाण्याला कचेरीत होते. लग्नानंतर ते पहिल्यांदा आमच्याकडे आले ते ठेंगण्या मोरपंखीची दोन रोपं घेऊन. ही जात फार वाढत नाही, डब्यात जन्म काढते, असं भाऊजींनी सांगितलं. त्यांनी घासलेटचे दोन डबे वरून कापले, तळाला खिळ्यानं भोकं पाडली, माती, वाळू आणि शेणखत भरलं आणि दाराच्या दोन्ही अंगांना एकेक डबा ठेवला. मग ताईकडे न बघताच म्हणाले, “उजवं माझं, डावं तुझं.” ताई आत पळाली.

शेजारची मावशी ओट्यावर तूर निवडत बसली होती. “जवाईबुवा, जोडी लावली तर जोडीच जगवजा,” ती म्हणाली. “एक सुकलं का, ज्याच्या नावाचं हाये त्याचं काही खरं नसते.”

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले.

झाडं जगली. उभे धरलेले हिरवे पंजे असावेत तशी त्यांची पानं. चोळली की राळेसारखा वास यायचा. विद्या येते म्हणून गल्लीतल्या पोरी पुस्तकात ठेवायला डहाळ्या तोडायच्या आणि मी त्यांना भाषण द्यायची: विद्या पानात नसते, वाचण्यात असते! एक जण म्हणाली, “मंग तू काऊन हुंगून राह्यली वं रोज?” मावशीचा वेगळाच प्रश्न होता. “हे वाढत काऊन नाही? उपाशी ठेवता का त्याले?”

दुसऱ्या उन्हाळ्यात ताई पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. पायांवर सूज होती, डोकं सारखं दुखायचं. गावच्या नर्सबाईंनी तिला तपासलं आणि आईला अंगणात बोलावून सांगितलं की घरी बाळंतपण करायचं धाडस करू नका, बुलढाण्याच्या दवाखान्यात न्या, आणि लवकर न्या. दवाखान्यातच भेटा, असा भाऊजींना निरोप गेला. ताईचं गाठोडं बांधून झालं.

त्या सकाळी दारात बसून वेणी घालता घालता ताईनं डाव्या डब्यातलं झाड हातानं उघडून पाहिलं. वरून ते हिरवं होतं. आत, खोडाजवळ, सगळी पानं तपकिरी झाली होती. हात लागताच ती झरझर गळाली.

ताई उठली. गाठोडं सोडलं आणि लुगडी परत दांडीवर टाकली.

“काय करून राह्यली तू?” आईनं विचारलं.

“मी नाही जात. मरायचंच हाये तं घरी मरतो. तिथं परक्या खाटेवर नाही.”

मला वाटलं, आता बाबा गरजतील. ज्यांनी गंडे फेकले ते एका डब्याला घाबरतील? बाबांनी पानं चिमटीत धरून पाहिली, टोपी डोक्यावर नीट केली आणि म्हणाले, “दोन दिवस थांबू. घाई काय हाये?”

त्या वाक्यानं मी जेवढी भ्याले तेवढी मावशीच्या बोलण्यानंही भ्याले नव्हते. भीती शेजारच्या ओट्यावर बसलेली असते तोवर तिला उत्तर देता येतं. ती बाबांच्या तोंडून बोलू लागली तेव्हा माझ्याजवळ एकही पत्रक उरलं नाही.

झाड रोज थोडं आणखी तपकिरी होत गेलं. आई दोन वेळा तांब्यानं पाणी घालायची, वरून घडाही रिता करायची. विहिरीचं पाणी तळाला गेलेलं, आम्ही अंघोळीला हात आखडता घेत होतो, पण त्या झाडाला कमी पडू द्यायचं नाही. उजवं मात्र टवटवीत. ताई खाटेवरून दोन्हींकडे पाहत राहायची. तिचा चेहरा सुजत चालला होता. एका दुपारी ती म्हणाली, “डोळ्यापुढं काजवे येऊन राह्यले,” आणि लगेच, “झाड कसं हाये आता?”

मी उठले. डब्याशी गेले आणि झाडाचं खोड धरलं.

“हात नोको लावू!” ताई किंचाळली. “तुले माही शपथ!”

माझा हात खरंच थांबला. शपथ मी मानत नव्हते. पण मी हे उपटलं आणि ताई गेली, तर? गाव म्हणेल, बहिणीनंच बहीण उपटली. आणि गावाचं जाऊ द्या, मीच तसं म्हणेन, जन्मभर. माझे दात वाजत होते. वैशाखात. तरी मी डबा आडवा केला आणि खेचलं.

झाड सहज निघून आलं. त्याबरोबर काळं पाणी भसकन अंगणात सांडलं आणि असा घाण वास सुटला की मावशीनं तिच्या ओट्यावर पदर नाकाला लावला. मुळं शेवाळासारखी हातात येत होती. डब्याच्या तळाशी भोकं नव्हतीच. तिथं डांबर थापलेलं होतं.

आई डब्याशी आली. “औंदा म्या बुजवलं,” ती म्हणाली. “सडकेच्या कामावरून आणलं होतं थोडं. एवढं दुरून आणलेलं पाणी वाया जाऊन राह्यलं होतं. त्या दुसऱ्याचं नाही बुजवलं, त्याचं पाणी कोंबड्याईच्या प्यायच्या परळात पडते.”

मी ती मुळं ताईसमोर नेली. तिनं वास घेतला. एक मूळ बोटांत चुरून पाहिलं.

“म्हंजे मायनं पाजू पाजू मारलं याले?”

“हाव.”

ती हसली. मग रडली. मग म्हणाली, “लुगडी बांध.”

त्याच दुपारच्या एस.टी.नं आम्ही निघालो. भीती गेली असं समजू नका. चिखलीपर्यंत ताईचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी तिचा श्वास ऐकत होते. फरक एवढाच की आता भीती जिथं असायला हवी तिथं होती: त्या सुजेत, त्या काजव्यांत. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी ताईला झटका आला. हातपाय ताठ झाले, डोळे फिरले. डॉक्टरीणबाई आणि दोन नर्सेस तिच्यावर वाकल्या होत्या आणि भाऊजींशेजारी मी भिंतीला चिकटून उभी होते. तो झटका अमडापुरात आला असता तर तिथं आम्ही होतो, आणि एक घडा पाणी होतं.

ताई वाचली. मुलगी झाली, मूठभर, पण रडणारी.

घरी आलो तेव्हा मावशीनं दोघींवरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “झाडानं पोरीचं मरण आपल्या अंगावर घेतलं!” मी भांडले. डांबर दाखवलं. कोणी ऐकलं नाही. आई मला म्हणाली, “जाऊ दे वं, कोणाचं काय जाते?”

काय जातं ते सांगते. आता आमच्या गल्लीत तीन दारांत मोरपंखीच्या जोड्या आहेत, आणि त्यांतल्या एका घरची सून पोटुशी आहे. ती सकाळी उठून आधी डब्याकडे जाते.

म्हणून हे छापून तुमच्या हाती देते आहे. तुमच्या घरात दिवस राहिलेली बाई असेल तर आज तिच्याजवळ बसा. तिला कशाची भीती वाटते ते विचारा. उत्तर कितीही वेडगळ असलं तरी हसू नका, पूर्ण ऐकून घ्या. आणि मग उद्यावर न ढकलता तिला नर्सबाईंकडे घेऊन जा.