चाळीसचा वारा, वीसचा निरोप

आमच्या माकणीत समुद्राची काळजी करणारा एकच माणूस आहे, आणि त्यानं अजून समुद्र पाहिलेला नाही. प्रेमानंददादा. धरणावर पाणीपातळी मोजण्यात त्यांची तीस वर्षं गेली. मी अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली होतो, म्हणून खात्रीनं सांगतो, असा हट्टी माणूस दुसरा नाही. एकदा एक पुढारी म्हणाला, "आकडा जरा वाढवून लिवा, पाणी लवकर सुटंल." दादांनी पाण्यातल्या पट्टीकडं बोट दाखवलं. "आदी तिला सांगा." पुढारी वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही, आणि दादांचं काही अडलं नाही.

त्यांचा मुलगा राजपाल नौदलातून निवृत्त झाला आणि परदेशी मालकांच्या शिडाच्या बोटी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवायचं काम करू लागला. भर समुद्रात मोबाइलला रेंज नसते. बोटीवर एक सॅटेलाइट फोन असतो. आपल्या घड्याळानं सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला दहा मिनिटं तो सुरू करायचा, मग बंद. त्याच्यावर नकाशेबिकाशे उघडत नाहीत, चार ओळींचा निरोप तेवढा येतो-जातो. म्हणून राजपाल बोट कुठं आहे, कुठल्या दिशेनं चाललीय ते कळवतो, आणि दादा ओसरीवर बसून मोबाइलवर हवामानाच्या वेबसाइटवर ती जागा शोधतात, पुढच्या बारा तासांचा वारा वाचतात आणि त्याला पाठवतात. समुद्रावरचा वारा नॉटमध्ये मोजतात. वीसपर्यंत शीड पूर्ण उघडं चालतं. पस्तिसाच्या वर गेला की शीड उतरवून गुमान बसायचं, नाहीतर बोट आडवी होते. हे आता माझ्यासारख्या अडाण्यालाही पाठ झालंय.

जगात एवढे हवामानवाले असताना बापच कशाला, असं मी राजपालला एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "बाबा अंदाज करत न्हाईत काका. हाय ते लिवतेत."

गेल्या नोव्हेंबरात तो एक बोट घेऊन मालदीवहून ओमानला निघाला. बोटीवर तिघंच होते, कॅप्टन, राजपाल आणि आणखी एक खलाशी. दहाव्या दिवशी पहाटे साडेपाचला मी नेहमीसारखा दादांकडं चहाला गेलो. दादा मोबाइलकडं बघत होते आणि कप तसाच निवला होता.

"किती?" आतून जाईवहिनींनी विचारलं.

"चाळीस. दुपारपातुर."

वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "त्येला कळवू नका."

"आगं, असं कसं?"

"वाटंवरच्या मान्साला वाईट सांगू नये. माझा बाप गेला तवा मला काय कळवलं व्हतं? जरा जास्त हाय, ये. घरी आल्यावर कळलं. मदी कळलं असतं तर एसटीतच पडले असते मी. लेकराचं हातपाय गळतील, आवं. तुमच्या लिवन्यानं वारं कमी हुनार हाय का?"

यात त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. आमच्याकडं सगळे असंच करतात. मीही केलंय. पण मी अकरा वर्षं त्या माणसाबरोबर पट्टी वाचलेली, मला त्या वेळी बोलायला काय झालं होतं? चहा पीत बसलो. सहाला दोन मिनिटं होती. वहिनी रडत होत्या. दादांनी वीस लिहिलं.

सहा वाजून नऊ मिनिटांनी उत्तर आलं. 'मिळालं. शीड पुरं उघडं ठेवतो, लवकर पोचू.'

दादांनी ते मोठ्यानं वाचलं. त्यांनी लगेच फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. आता काहीही पाठवलं तरी ते संध्याकाळी सहालाच त्याला दिसणार होतं, आणि वारा दुपारी येणार होता.

तो दिवस मला आठवायचा नाही. गावात वारा म्हणून नव्हता, समोरच्या तुरीचं पान हलत नव्हतं. दादा दर पंधरा मिनिटांनी ती जागा उघडून बघायचे. तीस. छत्तीस. एक्केचाळीस. मला भीती वाटत होती आणि घरी जायची लाजही वाटत होती. चूल पेटली नाही. वहिनी एकदाच बोलल्या, "आवं, उघड्या शिडाचं काय हुतं?" दादांना ते ठाऊक होतं. त्यांनी सांगितलं नाही.

सहा वाजले. सहा वाजून तीन मिनिटं झाली. पाच झाली. मग फोन वाजला.

'आमी हाव. शीड फाटलं. कॅप्टनचा हात मोडला. वेबसाइट चुकली असंल बाबा, मनाला लावून घेऊ नका. रात्रीचं कळवा.' खाली बोटीची जागा.

दादांनी जागा शोधली. शेहेचाळीस. त्यांनी आकडा लिहिला आणि तसेच थांबले.

"पाठवा की," मी ओरडलो. "दहा मिनिटंच हायत!"

"शिवकुमार, त्येला वाटतंय वेबसाइट चुकली. मग ह्यो आकडा तरी तो खरा कशाला मानंल?"

मी घड्याळ पाहिलं, सहा वाजून सात मिनिटं झाली होती.

"मग लिवा त्येला," वहिनी म्हणाल्या. "सकाळचं समदं लिवा. माझं नाव घाला. म्या सांगितलं म्हनून लिवा."

दादांनी लिहिलं, 'वेबसाइट बरोबर होती. सकाळी चाळीस होतं. मी वीस लिहिलं. रात्री शेहेचाळीस.'

"माझं नाव?"

"आकडा माझ्या हातानं लिवलाय," दादा म्हणाले आणि निरोप पाठवला.

सहा वाजून नऊ मिनिटांनी उत्तर आलं. 'समजलं.' पुढं काही नव्हतं. फोन बंद झाला. आता सकाळी सहापर्यंत काही कळणार नव्हतं.

"रागं भरला आसंल," दादा म्हणाले.

"भरू द्या," वहिनी म्हणाल्या. "रागं भरायला का हुईना, घरला येऊ द्या."