घरची ओळ

कृषी केंद्रासमोरून जाताना फवारणीच्या औषधाचा उग्र वास आला, की मला रोहणा गावातलं ते वांग्याचं शेत आठवतं. तिथल्या शाळेत शिकवायचे तेव्हा एका विद्यार्थिनीच्या आईला भेटायला गेले होते. भरताजोगं टपोरं वांगं दिसलं म्हणून हात घातला, तर तिनं माझं मनगटच धरलं. "ते नका घेऊ, बाई. कालच फवारलं. आमची घरची ओळ तिकडे हाये, तिले औषध मारत नाई." बांधावर भरलेले क्रेट टेम्पोची वाट बघत होते. "मग हे?" मी विचारलं. "ते बाजाराचे," ती सहज बोलून गेली. "माझी भाजी बाजारातूनच येते," मी म्हटलं. टेम्पो आला, तसा तिनं तो रिकामाच परत पाठवला. "काऊन वो काकू?" ड्रायव्हर वैतागला. "हा तोडलेला माल नाई द्याचा. आठ दिवसानं येजो," म्हणत तिनं एकेक क्रेट उकिरड्यावर पालथा केला. परवा ती नालवाडीच्या बाजारात भाजी विकताना दिसली. मी मुद्दामच विचारलं, "यातली घरची ओळ कोणती?" पिशवीत वांगी भरता भरता ती म्हणाली, "आता वेगळी ओळ ठेवतच नाई, बाई. फवारलं का आठ दिवस तोडत नाई. आमच्या घरीबी हेच शिजते."